चार ललना आणि चार आरसे

महसूल खात्याच्या दप्तरात आयुष्य घालवून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या मनुष्याकडे लोक दोनच कामांसाठी येतात, एक सातबाऱ्यावरील फेरफाराची भानगड उलगडून घेण्यासाठी आणि दुसरे लग्नपत्रिकेचा मजकूर शुद्ध करून घेण्यासाठी. त्यामुळे माझा भाचा जेव्हा माझ्याकडे चित्रकलेसंबंधी सल्ला मागू लागला, तेव्हा मी चष्मा पुसून त्याच्याकडे पुन्हा एकवार पाहिले. औंढ्यात बसस्थानकाकडून नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाच्याचे दुकान आहे. दुकान एकच, परंतु मध्ये प्लायवुडचा पडदा उभारून त्याचे दोन महाल पाडलेले आहेत; अलीकडच्या महालात भाचा पुरुषांची हजामत करतो आणि पलीकडच्या महालात भाचेसूनबाई स्त्रियांच्या भुवया कोरतात. या दुकानाची रस्त्याकडील लांबलचक भिंत कोरी होती, आणि ती कोरी राहावी हा गावातील प्रत्येक विचारी पुरुषाला आपला व्यक्तिगत अपमान वाटत होता. एका सिमेंटविक्रेत्याने ती फुकट रंगवून देण्याची तयारी दाखविली, त्यावर सूनबाई म्हणाल्या, "सिमेंटची जाहिरात बघून फेशियलला कोण येईल? आणि आलीच एखादी, तर गिलावा करून मागेल."

सबब सिमेंटचा प्रस्ताव नामंजूर होऊन असे ठरले की, सदर भिंतीवर आरशापुढे बसून शृंगार करणाऱ्या चार स्त्रियांचे भव्य चित्र काढावे, आणि त्यावर देखरेख करण्याची कामगिरी मामांकडे सोपवावी. माझी लायकी एवढीच की नागनाथाच्या देवळावरील शिल्पांविषयी माझा एक लेख कोणे एके काळी एका दिवाळी अंकात छापून आला होता. तो लेख मी आणि मुद्रितशोधक अशा दोघांनीच वाचला होता, व मुद्रितशोधकाने तो अखेरपर्यंत वाचला असावा असे छापील मजकुरावरून वाटत नव्हते.

सल्ला मागितला की टिपणी लिहिणे हा माझा देहस्वभाव झालेला आहे. फुलस्केप कागदाला डाव्या बाजूस समास सोडून मी वर लिहिले, "विषय : मौजे औंढा नागनाथ येथील भिंतीवर चार स्त्रिया बसविणेबाबत", आणि खाली असे नमूद केले की, प्रसाधनमग्न स्त्री हा विषय आपल्या मराठवाड्यास मुळीच नवा नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे वाकाटक नृपती हरिषेणाच्या अमदानीत, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोणा अनामिक चित्रकाराने अशी एक राजकन्या रंगवून ठेवली आहे की, जिच्या हातात गोल आरसा आहे, जिच्या बाजूस एक दासी चवरी आणि दुसरी प्रसाधनाचे तबक घेऊन तिष्ठत उभी आहे, आणि जिच्या पायथ्याशी एक ठेंगणी सेविका मान वर करून हा सोहळा संपण्याची वाट पाहत आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीस गेला असता ही लेणी त्याच्या दृष्टीस पडली. पुढे मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून तेथील चित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नव्याने प्रती उतरविल्या, तर त्यांपैकी कित्येक १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या; आणि इतका हलकल्लोळ होऊनही मूळ राजकन्येची नजर आरशावरून तसूभर ढळलेली नाही. ज्या निजाम सरकारच्या दप्तरात आमच्या आजोबांनी उर्दूत फायली रंगविल्या, त्याच सरकारने १९२० साली थेट इटलीहून दोन कारागीर आणवून या चित्रांची डागडुजी करविली. आजोबांना मात्र त्या काळात नवी दौत मिळण्यासाठी दरखास्त करावी लागत असे, ही गोष्ट मी टिपणीत घातली नाही. ती येथे सहज सांगितली.

टिपणी सात पानांची झाली. भाच्याने ती उभ्या उभ्या चाळली, मग उलटी करून पाहिली, आणि म्हणाला, "मामा, हे सगळं खरं असंल. पण निळा रंग आणू का गुलाबी, हे कुठं लिवलंय?"

चित्राचे काम ज्या पेंटरबुवांकडे दिले, त्यांचे कर्तृत्व तालुक्याच्या चतुःसीमांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागील शायरी, शाळेच्या भिंतीवरील सुविचार, निवडणुकीतील निशाण्या आणि उसाच्या गाड्यांवरील गरुड ही त्यांची मुख्य क्षेत्रे होत. स्त्रीचा चेहरा त्यांना एकच येतो. तो त्यांनी तरुणपणी तंबूतल्या सिनेमात पाहिलेल्या एका नटीचा असून, तिचेच डोळे आणि तिचीच हनुवटी घेऊन आजवर या परिसरात भारतमाता, सरस्वती, साक्षरता अभियानातील आजी आणि पोलिओचा डोस पाजून घेणाऱ्या बाळाची आई, अशा सर्व स्त्रिया वावरत आहेत. व्यवहाराची बोलणी माझ्यासमक्ष झाली. दर चौरस फुटाचा होता, पण त्यातही पोटकलमे निघाली : केस काळ्या रंगात उरकत असल्यामुळे सवलतीच्या दरात, लुगडे साध्या दरात, जरीचा काठ ज्यादा, आणि दागिने नगावर.

"आणि दात?" भाच्याने विचारले.

"तोंड मिटलेलं काढू की. पांढरा रंग लई खातो."

येथे मला माझी विद्वत्ता आवरेना. मी म्हणालो की, जपानच्या उतामारो नावाच्या चित्रकाराने आरशापुढे बसलेल्या स्त्रियांचे जे ठसे अठराव्या शतकाच्या अखेरीस काढले, त्यांत दात काळे करणाऱ्या बायकाही आहेत, आणि आपल्याकडच्या सवाष्णीही पूर्वी दातवण लावून दात काळेच करीत असत. तेव्हा परंपरेचा मान राखून दात काळे दाखविण्यास हरकत नसावी. पेंटरबुवांना ही सूचना अत्यंत पसंत पडली, कारण काळा रंग त्यांच्याकडे शिल्लक होता. सूनबाईंनी पडद्याआडून एवढेच विचारले, "मामा, पार्लर काढायचंय की दवाखाना?"

मूळ आदर्श डोळ्यांसमोर असावा म्हणून मी पेंटरबुवांना देवळात घेऊन गेलो. दिवस श्रावणातल्या सोमवारचा निघाला, आणि त्या दिवशी औंढ्यात तीळ ठेवण्यास जागा नसते. नागनाथाच्या देवळाचा खालचा शिल्पसमृद्ध भाग यादवकाळातला समजला जातो, वरचे शिखर नंतरच्या जीर्णोद्धाराचे, आणि त्या खालच्या दगडी भिंतींवर देवादिकांच्या सोबतीने ज्या सुरसुंदरी उभ्या आहेत, त्यांचे शास्त्रही मोठे काटेकोर आहे. 'क्षीरार्णव' नावाच्या वास्तुग्रंथात या देवांगनांचे बत्तीस प्रकार नोंदवलेले असून त्यांत एक आरसा घेतलेलीही आहे. कर्नाटकातील बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराची, म्हणजे इसवी सन १११७ मधली, दर्पणसुंदरी तर छायाचित्रांमुळे घरोघर ठाऊक झालेली आहे. हे सर्व मी पेंटरबुवांना प्रदक्षिणेच्या वाटेवर समजावून देत असता एका झिजलेल्या मूर्तीपाशी थांबलो. तिचा हात वर उचललेला, हातात काहीतरी वाटोळे, आणि त्या वाटोळ्या वस्तूवर शतकांच्या ऊनपावसाने असा बोळा फिरविलेला, की ती नेमकी काय आहे याचा पंचनामा करणे कठीण.

"आरसा," मी म्हणालो.

"झारा दिसतो," शेजारी उभे असलेले एक आचारी गृहस्थ म्हणाले.

"कणीस आहे ते. बाजरीचं," एका शेतकऱ्याने निकाल दिला.

एका आजींना ती आरतीची तबकडी वाटली, एका पहिलवानाला ढाल वाटली, आणि वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या पोराने सगळ्यांना गप्प करीत ओरडून सांगितले, "बाबा, ती सेल्फी काढायलीय!" त्यासरशी जमलेल्या मंडळींनी ही उपपत्ती एकमताने मान्य केली आणि त्या मूर्तीकडे पाठ करून आपापले मोबाईल वर धरले. शेजारच्या सर्वस्वी निर्दोष कोरीव हत्तींकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. हत्तींच्या हातात काहीच नसते.

परंतु पेंटरबुवांना खरे शिक्षण मिळाले ते देवळाच्या आत नव्हे, बाहेर. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. एका अरुंद वाटेने, अंग चोरून, पायऱ्या उतरून खाली जावे लागते, तेथे दाटीवाटीने बसून दर्शन घ्यावे लागते, आणि तितक्याच कसरतीने वर यावे लागते. या प्रवासात श्रीमंत आणि गरीब, पाटील आणि सालदार, नवी सून आणि जुनी सासू यांच्यातील सर्व भेद नाहीसे होतात. सर्वांचे केस विस्कटलेले, कपाळावरचे गंध नाकावर ओघळलेले, आणि पाठीवर दुसऱ्याच्या बेलफळाचा ठसा उमटलेला. वर आलेल्या मनुष्याला मोक्ष मिळाला किंवा नाही हे सांगता येणार नाही, परंतु त्याला तत्काळ आरसा हवा असतो याविषयी माझ्या मनात संशय उरलेला नाही. आणि आरसा तर औंढ्यात रस्तोरस्ती टांगलेला असतो, कारण महाद्वाराबाहेर ज्या शेकडो मोटारसायकली उभ्या असतात, त्या प्रत्येकीला दोन कान असून प्रत्येक कानात एक आरसा असतो. मी आणि पेंटरबुवा चहाच्या टपरीवर बसून पाहत राहिलो. एखादी बाई यायची, पदर सावरायची, मोटारसायकलच्या आरशात एक डोळा घालून कुंकवाची टिकली बोटाने नीट करायची आणि चालू लागायची. सारे काम एका श्वासात. मागून तिचा नवरा यायचा. तो आरसा आधी आपल्या उंचीप्रमाणे वळवून घ्यायचा, मग त्यावर फुंकर घालून रुमालाने पुसायचा, मग खिशातून कंगवा काढायचा, मग भांग एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाडून तुलना करायचा, मिशीची दोन्ही टोके मोजायचा, छाती पुढे काढून बाजूने पाहायचा, आणि मूळ मालक येऊन "झालं का पावणं?" असे विचारीपर्यंत तेथून हलायचा नाही.

"गुरुजी," पेंटरबुवा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आपून चित्रात बाया काहून काढायलोय?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या सात पानी टिपणीत नव्हते.

काम सुरू झाले आणि पहिल्याच ललनेपाशी अडले. आरशापुढे बसलेली स्त्री काढायची, तर तिची तरी पाठ आपल्याकडे हवी किंवा आरशाची तरी. स्त्रीची पाठ दाखवावी, तर दिसतो फक्त अंबाडा. आरशाची पाठ दाखवावी, तर दिसते फक्त लाकडी फळी. पेंटरबुवांनी पहिल्या दिवशी अंबाडा काढला. सूनबाईंनी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवले.

"पैसे तोंडाचे घेतो आम्ही, पाठीचे नाही."

"वहिनी, पण बाईचं तोंड आरशाकडं पायजे ना!"

"नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरलं या गावात," सूनबाई म्हणाल्या, "तुम्हाला एक बाई फिरवता येईना?"

या युक्तिवादापुढे पेंटरबुवांची वाचा बसली, आणि ते साहजिकच होते. संत नामदेवांना देवळापुढे कीर्तन करण्यास मनाई झाली, ते मागल्या अंगास जाऊन भजन करू लागले, आणि देवानेच देऊळ त्यांच्याकडे फिरवून घेतले, ही कथा औंढ्यात लहान पोरही सांगते. पेंटरबुवांनी रात्रीतून ललना फिरविली. आता तिचे तोंड रस्त्याकडे झाले. पण आरसाही रस्त्याकडेच राहिला आणि त्यातील प्रतिबिंबही रस्त्याकडेच पाहू लागले, त्यामुळे बाई एका आणि तिचे बिंब दुसऱ्या मोटारीकडे पाहत आहे असे दिसू लागले. दुसऱ्या ललनेच्या बिंबात टिकली होती, कपाळावर नव्हती. तिसरीने उजव्या हाताने काजळ घातले होते, आणि आरशातलीने पावडर लावायला घेतली होती. चौथीचे बिंब चौथीपेक्षा दहा वर्षांनी लहान होते. त्याबद्दल मात्र सूनबाईंनी तक्रार केली नाही, उलट "हे ठेवा, जाहिरातीला बरं आहे" असा शेरा मारला.

शाळेत विज्ञान शिकविणारे एक तरुण शिक्षक सायकलवरून चालले होते, ते उतरले आणि त्यांनी खडूने भिंतीवर आपाती किरण, परावर्तित किरण आणि त्यांमधील दोन समान कोन काढून दाखविले. पेंटरबुवांनी ते कोन निमूटपणे ललनेच्या पैठणीवरील बुट्ट्यांत जिरवून टाकले. मी त्यांच्या साहाय्यास धावलो. मी शिक्षकांना सांगितले की, पॅरिसच्या एदुआर माने या नामांकित चित्रकाराने १८८२ साली मद्यगृहातील एका विक्रेतीचे चित्र काढले, तिच्यामागे भिंतभर आरसा दाखविला, आणि त्या आरशात तिची पाठ अशी भलतीकडे सरकविली की त्या काळापासून पंडित कंपासपेटी घेऊन तिच्यामागे लागलेले आहेत; ते चित्र आज लंडनमध्ये सन्मानाने टांगलेले आहे. शिक्षक म्हणाले, "लंडनचं मला सांगू नका सर, दहावीच्या परीक्षेत मार्क कापले जातात."

चौघींचे चेहरे अर्थातच एकसारखे होते. "ह्या चौघी जावा का बहिणी?" असे एका आजींनी विचारले, आणि जावा असल्या तर एकमेकींशेजारी इतक्या शांतपणे बसल्या नसत्या, असा निष्कर्षही स्वतःच काढून दिला. परंतु चेहरा एकच असल्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, गावातील प्रत्येक स्त्रीला चौघींपैकी एक तरी आपल्यावरून घेतलेली वाटू लागली, आणि पार्लरमध्ये खातरजमा करून घेण्यासाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली.

याच सुमारास एक आक्षेपअर्ज आला. अर्जदार हे गावातील एक वयोवृद्ध, प्रतिष्ठित आणि नीतिमान गृहस्थ असून, देवळाकडे जाणाऱ्या पवित्र मार्गावर नटव्या स्त्रियांचे चित्र असणे हे भाविकांच्या चित्तास विचलित करणारे आहे, सबब ते त्वरित पुसून टाकण्याचा हुकूम व्हावा, असा अर्जाचा आशय होता. आक्षेपाची पूर्ण पडताळणी करता यावी म्हणून ते सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीस अशा वेगवेगळ्या उजेडांत चित्रापुढे उभे राहिलेले लोकांनी पाहिले होते. मी लेखी उत्तर दिले की, खुद्द देवळाच्या भिंतीवर याहून अधिक नटलेल्या स्त्रिया सुमारे सातशे वर्षांपासून उभ्या असून त्यांच्यामुळे भाविकांची संख्या घटल्याची नोंद नाही. तोंडी उत्तर देण्याचा मोह मी आवरला, कारण भाच्याकडून मला कळले होते की, हेच गृहस्थ दर पंधरवड्याला दुकानाचे शटर अर्धे पाडून केसांना कलप लावून घेतात आणि मिशी काळी करताना भुवयांनाही थोडा हात फिरवण्यास सांगतात.

भाच्याचा या विषयावरील अनुभव मोठा आहे, आणि कोठल्याही कलासमीक्षकापेक्षा मी त्याचे मत अधिक मोलाचे मानतो. त्याच्या महालात समोरासमोर दोन आरसे आहेत, त्यामुळे खुर्चीत बसलेला मनुष्य स्वतःला पुढून, मागून आणि पुढे अनंतापर्यंत पाहू शकतो. "पडद्यापलीकडं बाई येते," भाचा सांगतो, "भुवया करती, पैसे देती, जाती. घरी भाकरी थापायची असती तिला. इकडं माणूस येतो दाढीला. दाढी धा मिन्टं. मग म्हनतो, जरा मिशी बघ. मग म्हनतो, मान इकडून कशी दिसती. मग फोटो काढ म्हनतो. मग तो फोटो आरशात धरून बघतो." नवरदेवाच्या दिवशी तर पलीकडे नवरीचे मेकअप, केशरचना आणि साडी नेसवणे आटोपते, तरी अलीकडे नवरदेवाच्या गालावरील कोरीव दाढीची डावी रेघ उजव्या रेघेशी जुळलेली नसते, आणि मुहूर्त टळतो, पण वऱ्हाडात बोलबाला असा होतो की, नवरीने उशीर केला.

येथे जरा विचार करावासा वाटतो. रेम्ब्रांट नावाच्या डच चित्रकाराने तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आरशापुढे बसून स्वतःची चाळीसच्या आसपास तैलचित्रे काढली. कधी टोपी घालून, कधी मखमल पांघरून, कधी भरजरी पोशाखात. त्याला जगाने आत्मशोध म्हटले. तेवढाच वेळ एखाद्या गृहिणीने आरशापुढे काढला असता, तर तिच्या आत्म्याचा शोध घेण्यास सासूबाई स्वतः माजघरातून बाहेर आल्या असत्या. आणि आपल्या महाराष्ट्रात तर याहून नवल घडले आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, १९१३ साली त्यांनी भागीदारांसह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि रंगपटातील आरशापुढे बसलेला हा पुरुष तेथून भामिनी होऊन उठे, रुक्मिणी होऊन उठे, सिंधू होऊन उठे. आणि प्रेक्षागृहात बसलेल्या घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगड्याची ठेवण, अंबाड्यातील फुलांची मांडणी आणि दागिन्यांची घडण डोळ्यांत साठवून घरी जात व आपल्या आरशापुढे तेच करून पाहत. म्हणजे स्त्रीने आरशापुढे कसे बसावे हे अजिंठ्यात पुरुषाने रंगवावे, बेलुरात पुरुषाने कोरावे, रंगभूमीवर पुरुषानेच करून दाखवावे, आणि वर "बायकांचे काही आवरतच नाही" हेही पुरुषानेच म्हणावे! आमच्या घरी ही तक्रार मी नेहमी करतो, आणि बहुतेक वेळा मी ती आरशासमोरून करतो, कारण मला मागल्या बाजूचे उरलेले केस पुढल्या बाजूस आणून स्थिर करावयाचे असतात व हे काम घाईने होण्यासारखे नाही.

इकडे पेंटरबुवांचे प्रतिबिंबांशी चाललेले युद्ध पराभवाच्या टोकाला आले होते. त्यांनी चारही आरशांतील तोंडे पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. एका आरशात तर वैतागाच्या भरात कमळ काढले, ते निवडणूक जवळ आल्यामुळे ताबडतोब झाकावे लागले. अखेरीस एका सकाळी ते दुकानावर आले ते पिशवीत चार गोल आरसे घेऊनच. देवळाच्या वाटेवर बांगड्या, फण्या, कुंकवाचे करंडे आणि प्लास्टिकची खेळणी विकणाऱ्या हातगाडीवरून त्यांनी ते घेतले होते. चित्रातील चार महिरपींच्या मधोमध त्यांनी ते खरेखुरे आरसे सिमेंटने चिकटवून टाकले, हात झटकले, आणि म्हणाले, "आता ज्येचं त्येनं बघून घ्यावं."

आचार्य म्हणावेत अशा कलावंतांनाही जे साधले नाही, ते पेंटरबुवांनी एका हातगाडीच्या जोरावर साधले. चित्राचे लोकार्पण झाले, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई शटर उघडण्यास आल्या, तेव्हा चारही आरशांपुढे चार पुरुष उभे होते. पहिला मिशीला पीळ देत होता, दुसरा दातांत अडकलेली सुपारी शोधीत होता, तिसरा भस्माचे तीन पट्टे समांतर आहेत की नाहीत याची मोजणी करीत होता, आणि चौथा काहीच करीत नव्हता, नुसताच पाहत होता. रस्त्यापलीकडून पाहिले असता देखावा असा दिसे की, पैठणी नेसलेल्या, नथ घातलेल्या चार लावण्यवती समोर बसलेल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या आरशात एकेक मिशाळ तोंड उमटलेले आहे. आक्षेप घेणारे वयोवृद्ध गृहस्थही रांगेत होते. त्यांनी मला पाहून सांगितले की, ते अर्ज मागे घेत आहेत, कारण चित्र जवळून पाहिल्यावर त्यात पावित्र्य आहे असे त्यांस आढळून आले.

तेव्हापासून ही रांग हटलेली नाही. मोटारसायकलवाले सुखी झाले आहेत. भाच्याचे गिऱ्हाईक मात्र घटले, कारण फुकटचा आरसा बाहेर मिळत असता आत येऊन दाढी कोण करणार. उलट पडद्यापलीकडे सूनबाईंचा व्यवसाय वाढला आहे, आणि आता अलीकडच्या महालातील एक खुर्ची तिकडे द्यावी असा तगादा त्यांनी लावला आहे. मी "या आरशांत केस विंचरू नयेत" असा फलक शुद्ध मराठीत लिहून दिला होता. तो काळ्या चकचकीत पाटीवर लिहिलेला असल्यामुळे लोक आता त्यातही तोंड पाहतात.

वाचकांपैकी कोणी नागनाथाच्या दर्शनास येणार असतील, त्यांनी गाभाऱ्यातून वर आल्यावर बसस्थानकाकडे जाताना हे चित्र अवश्य पाहावे. डावीकडून दुसरा आरसा उंच माणसांसाठी सोयीचा आहे. चौथ्याला क्रिकेटच्या चेंडूने तडा गेला असून त्यात वय थोडे कमी दिसते, त्यामुळे तेथे थांबावे लागेल. स्त्रियांनी आत यावे, तेथे गर्दी नसते. पुरुषांना मात्र एवढीच विनंती आहे की, येताना कंगवा आपापला आणावा. भाच्याने भिंतीशी दोरीने बांधून ठेवलेले तीन कंगवे दोरीसकट गेले आहेत.